पुठ्ठ्याची टॅक्सी



या भित्तिपत्रकाच्या खाली खिडकीजवळच्या टेबलावर एक काळी-पिवळी टॅक्सी ठेवलेली आहे. तिचे डावीकडचे मागचे दार चेपलेले आहे. टपावरचा पिवळा रंग मधेमधे उडालेला आहे. पाहणाऱ्याला वाटते की कुणाच्या तरी हातून ती पडली असावी. तसे नाही. ते दार मी स्वतः चेपले आहे, मुद्दाम, आणि ते चेपायला मला ती गाडी करण्यापेक्षा जास्त त्रास झाला. परवा तिसरीतल्या एका मुलाने आतून पेन्सिल घालून दार सरळ करायचा प्रयत्न केला. त्याचा हेतू चांगला होता. परंतु असे कोणी करू नये म्हणून सगळी हकीकत लिहिते.

आपल्या मंद्रूपमध्ये चिपाडाची गाडी केली नाही असे पोर शोधून सापडणार नाही. ज्वारी निघाली, कडब्याच्या पेंढ्या बांधून झाल्या की आपण धाट सोलतो. वरची साल म्हणजे चोया आणि आतले मऊ पांढरे भेंड. भेंडाचे तुकडे करायचे, त्यात चोया खोचायच्या, की बैलगाडी तयार. जू, साठी, दांड्या, सगळे काही होते. सुतार नको, खिळा नको, पैसा तर नकोच. फक्त चोयीने बोट कापते तेवढे सांभाळावे लागते. कारहुणवीच्या दिवसांत मातीचे बैल करायचे आणि त्या गाडीला जुंपायचे. मी पहिलीत असल्यापासून हे करते. पुढे स्लीपरच्या तळव्याची चाके कापून तारेची गाडी केली, मग काड्यापेट्यांचा ट्रॅक्टर आणि उसाच्या दोन ट्रॉल्या केल्या. आमचे घर विजापूर रस्त्याच्या जवळ असल्यामुळे नमुन्यांची कमतरता नव्हती. दिवसभर ट्रक, टँकर, एसट्या चाललेल्याच असतात. शेजारच्या काकू आईला म्हणायच्या, "पोरीच्या जातीला ह्यो गाड्यांचा काय नाद लावून घेतलाय!" आई म्हणायची, "अभ्यास करून करतीय, करू द्या की."

पण ती सारी खेळणी होती. ट्रॅक्टरची मोठी चाके लहान चाकांच्या किती पट असतात, ट्रॉली ट्रॅक्टरपेक्षा किती लांब असते, याचा विचार मी कधी केला नव्हता. डोळ्यांना बरे दिसले की झाले. मोजून गाडी करायची पाळी आली ती आबांमुळे.

आबा म्हणजे माझे आजोबा. १९७२ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यात विहिरी आटल्या, शेते पडीक राहिली, लोक खडी फोडायच्या कामावर गेले. त्या वेळी आबा सतरा वर्षांचे होते. गावातल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर ते मुंबईला गेले. आधी एका गॅरेजमध्ये गाड्या धुतल्या, मग गाडी चालवायला शिकले, लायसन काढले, बिल्ला मिळवला आणि दुसऱ्याची टॅक्सी पाळीने चालवू लागले. १९९० साली कर्ज काढून त्यांनी स्वतःची टॅक्सी घेतली. प्रीमियर पद्मिनी. ती त्यांनी तेवीस वर्षे चालवली. जुन्या टॅक्सींना वयाची अट आली तेव्हा, २०१३ साली, ती भंगारात द्यावी लागली आणि आबा गावी आले. माझा जन्मही २०१३ चाच. आजी म्हणते, गाडी गेली आणि ही आली, म्हणून हिला गाड्यांचा नाद.

मी पाचवीत असताना, ऑक्टोबर २०२३ मध्ये, मुंबईतली शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादा संपल्यामुळे बंद झाल्याची बातमी पेपरात आली. आबांनी ती बातमी दोनदा वाचली. मग पेपर घडी करून उशीखाली ठेवला. काही बोलले नाहीत. संध्याकाळी मी विचारले, "आबा, तुमच्या गाडीचा फोटो हाय का?" तर एकच फोटो निघाला. त्यात आबा आणि आजी पुढे उभे आणि मागे गाडीचा अर्धा दिवा न् मडगार्डाचा तुकडा. बाकी गाडी आजीच्या पदराआड. तेव्हा मी म्हणाले, "मी करून दाखवते तुम्हाला." बोलायला काय जाते! तीनचार दिवसांत होईल असे मला वाटले होते. त्याला दीड वर्ष लागले.

ही गोष्ट गुरुजींना सांगितली तेव्हा त्यांनी मला एक नवलाची माहिती दिली. पद्मिनी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी १९४४ साली मुंबईत वालचंद हिराचंद यांनी स्थापन केली, आणि वालचंद हे आपल्या सोलापूरचे! त्यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. सोलापुरातल्या वालचंद कॉलेजचे नाव आपण ऐकतो, ते हेच घराणे. इंग्रजांचे राज्य असताना त्यांनी जहाजांची कंपनी काढण्यात पुढाकार घेतला, बंगलोरला विमानांचा कारखाना उभारला, विशाखापट्टणमला जहाजे बांधायची गोदी सुरू केली आणि कुर्ल्याला मोटारींचा कारखाना काढला. तिथे पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या नमुन्यावरून मोटारी होऊ लागल्या. म्हणून जुने लोक अजून तिला फियाटच म्हणतात. पद्मिनी हे नाव १९७४ साली पडले. वालचंद १९५३ मध्येच वारले, त्यामुळे त्यांनी ते नाव ऐकलेच नाही. मी हे आबांना सांगितले. ते म्हणाले, "म्हंजे सोलापूरच्याच माणसाच्या गाडीवर आमी मुंबईत पोट भरलं म्हण की!" आणि बराच वेळ हसत होते.

आता करायचे कसे, ते सांगते. हे वाचून कोणाला आपल्या घरातली बैलगाडी, मोटारसायकल किंवा एसटी करायची असेल तर उपयोगी पडेल.

पहिले काम म्हणजे प्रमाण ठरवणे. नकाशात जसे प्रमाण असते तसेच. मी एकास वीस घेतले. म्हणजे खऱ्या गाडीचे वीस सेंटिमीटर ते माझ्या गाडीचे एक सेंटिमीटर. बाजारात मिळणाऱ्या छोट्या नमुन्यांच्या मोटारी एकास चोवीस, एकास त्रेचाळीस, एकास चौसष्ट अशा प्रमाणांत असतात. त्रेचाळीस हा विचित्र आकडा कुठून आला, तर खेळण्यातल्या आगगाडीच्या एका मापाशेजारी मोटारी शोभाव्यात म्हणून तो आला. माझ्या वीसला तसे काही कारण नाही. वीसने भागायला सोपे जाते, एवढेच. भागाकाराचा कंटाळा असणाऱ्यांनीही वीसच घ्यावे.

पण भागायला आधी खरी मापे पाहिजेत. पद्मिनी आणायची कुठून? बाबांनी चौकशी केली, तेव्हा सोलापुरात एका गॅरेजच्या मागच्या अंगणात एक पांढरी पद्मिनी पडून असल्याचे कळले. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिघे एसटीने गेलो, म्हणजे मी, बाबा आणि आबा. बरोबर शिंप्याची टेप आणि वही. गाडी विटांवर उभी होती, टायर नव्हते, आत कोंबडी अंड्यावर बसलेली. मालकांनी मोजायला परवानगी दिली, फक्त कोंबडीला उठवू नका म्हणाले. मी आणि बाबा टेप धरत होतो आणि आबा नुसते गाडीभोवती फिरत होते. एकदा त्यांनी दाराचे हँडल धरले, उघडले नाही, तसेच सोडून दिले.

लांबी ३९३ सेंटिमीटर भरली. वीसने भागून १९.६५. रुंदी १४६, म्हणजे ७.३. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत २३४, म्हणजे ११.७. अशी चाळीसेक मापे मी लिहून घेतली. खिडकीची उंची, काचेचा उतार, दोन दिव्यांमधले अंतर, डिकीच्या दोन्ही कडांना मागे निघालेले टोकदार पंख. उंचीजवळ मात्र गाडी अडली. टायर नाहीत, खाली विटा, मग जमिनीपासून टपापर्यंतचे माप घ्यायचे कसे? आबा म्हणाले, "सोप्पं हाय. टप माझ्या हनुवटीला लागायचा. गिऱ्हाईक नसलं की हनुवटी टेकून हुबा ऱ्हायचो. मोज." मी आबांना भिंतीशी उभे करून हनुवटीपर्यंत मोजले. १४३ सेंटिमीटर. आबा म्हणाले, "आता वाकलोय गं पोरी. दोन बोटं वर धर." दोन बोटांचे चार सेंटिमीटर धरून १४७ झाले. भागिले वीस, ७.३५. पुढे गुरुजींनी पद्मिनीची छापील मापे शोधून दिली. त्यात उंची १४६.८ सेंटिमीटर लिहिली होती!

पहिली गाडी मी थर्मोकोलची केली. ब्लेडने कोरली, घासकागदाने घासली, आकार फार सुरेख आला. मग उसाच्या ट्रॉल्या रंगवणाऱ्या पेंटरकाकांकडून थोडा काळा ऑइलपेंट मागून आणला आणि तो पातळ करायला त्यात थिनर घातला. रंग लावला तसा बॉनेटला खड्डा पडू लागला. थर्मोकोल साखरेसारखा विरघळत गेला. दहा मिनिटांत गाडीचे बिस्किट चहात पडल्यासारखे झाले. तीन आठवड्यांचे काम. मी रडले, ते लिहायला लाज कसली! थर्मोकोलला थिनरचा रंग कधीही लावू नये, हे ध्यानात ठेवा.

दुसरी गाडी पुठ्ठ्याची. बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे आडवे-उभे साचे कापून एकमेकांत खाचेने बसवले, जशी होडीची फासळी असते तशी. त्यावर कातडे चढवले ते लग्नपत्रिकांचे. लग्नपत्रिकेचा कागद जाड, गुळगुळीत असतो आणि लग्नसराईनंतर आपल्या प्रत्येकाच्या घरी भरपूर असतो. दारे, बाजू, तळ, हे सरळ भाग त्यातून झाले. परंतु टप, बॉनेट आणि डिकी गोलाईची. कागद एका बाजूला वाकतो, दोन्ही बाजूंना वाकत नाही. नारळाला कागद गुंडाळून पाहा म्हणजे कळेल. त्यासाठी मातीचा साचा करून त्यावर वर्तमानपत्राचे तुकडे खळीने चिकटवायचे ठरवले. आपल्या रानातली काळी माती घेतली. रात्रीत वाळून तिला अशा भेगा पडल्या की उन्हाळ्यातले शेतच. आई म्हणाली, "कुंभाराकडची आण." ती चिकणमाती उत्तम निघाली. पहिला थर नुसत्या पाण्याने लावायचा म्हणजे तो साच्याला चिकटत नाही, आणि पुढचे सहा थर खळीने. प्रत्येक थर वाळू द्यायचा. घाई केली की आतून बुरशी धरते आणि घरभर वास सुटतो. आजीने एकदा ते सगळे अंगणात काढून ठेवले होते.

मातीवरून आठवले. गुरुजींनी सांगितले की अमेरिकेत जनरल मोटर्स या मोठ्या कंपनीत हार्ले अर्ल नावाचे गृहस्थ १९२७ साली आले आणि त्यांनी नवी मोटार आधी मातीत घडवून पाहायची पद्धत रुजवली. एवढ्या मोठ्या कंपनीचे साहेब लोक मातीत हात घालून गाड्या करतात हे ऐकून मला फार बरे वाटले. मातीचे बैल करतो त्यात आणि त्यात तसा फरक काय? इंग्लंडमध्ये जेराल्ड विंग्रोव्ह नावाचे कारागीर होते. ते लहान मोटारीचा एकेक भाग धातूतून स्वतः घडवत, काही विकत आणत नसत, आणि त्यांनी १९७८ साली या विद्येवर पुस्तकही लिहिले. विकत काही आणायचे नाही हा नियम मीही ठेवला. जत्रेत प्लास्टिकची टॅक्सी मिळते, तिची चाके काढून लावली असती तर माझा महिना वाचला असता. मैत्रिणींनी तसे सुचवलेही. पण मग आबांना "मी करून दाखवते" म्हणाले होते त्याचे काय?

म्हणून चाके जुन्या स्लीपरची. खरा टायर साठ सेंटिमीटर धरला, म्हणजे माझा तीन सेंटिमीटर. तळवा ब्लेडने आडवा चिरून पातळ केला, कर्कटकाने वर्तुळ मारून कापला, मग मध्ये खिळा घालून फिरवत फिरवत घासकागदावर गोल केला. चार चांगली चाके मिळायला अकरा कापावी लागली. पाचवे डिकीत आहे, स्टेपनी. चाकाच्या मधोमध चकचकीत ड्रॉइंग पिन बसवली. आस म्हणजे सायकलची तार. तिच्यावरच कागद गुंडाळून खळीने नळी केली, त्यात ती फिरते. बंपर अ‍ॅल्युमिनियमची तार दगडावर ठोकून चपटी करून केला. पुढची जाळी आबांच्या गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी पत्र्याची. दिव्याच्या काचा त्याच पाकिटावरचे पारदर्शक फुगे, तसा गोल आकार हाताने येणे शक्य नाही. खिडक्यांच्या काचा आजीच्या गुडघ्याच्या एक्स-रेच्या. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवला आणि घासला की काळा थर निघून जातो, खाली निळसर पारदर्शक पान राहते. (हे काम मोठ्या माणसांना बरोबर घेऊन करावे.) एका काचेला आजीच्या गुडघ्याची किंचित छटा राहिली आहे. नीट पाहिल्यास दिसेल.

रंगाविषयी थोडे जास्त लिहिते, कारण सगळे घोटाळे तिथेच झाले. पहिला थर मी जाड दिला. वरून सुकला, आतून ओला राहिला, आणि सायीसारख्या सुरकुत्या पडल्या. तो सगळा खरवडून काढला. नंतर हिशेब करून पाहिला. माझ्या गाडीवर पाव मिलिमीटर रंग बसला तर खऱ्या गाडीच्या प्रमाणात तो पाच मिलिमीटर होतो. असा रंग कोणत्या गाडीला असतो? दाराच्या फटीच बुजून जातील. म्हणून पातळ थर, अगदी तुपाचा हात फिरवल्यासारखा, आणि दोन थरांमध्ये दोन दिवस. आपल्याकडे रस्त्याची धूळ इतकी की ओल्या रंगावर ती बसतेच. त्यावर भाकरीच्या टोपलीचे झाकण घालून ठेवायची युक्ती आजीची. पिवळा रंग तर आबांनी चार वेळा परत पाठवला. "ह्यो लिंबाचा झाला." "ह्यो हळदीचा." "ह्यो शाळेच्या भिंतीचा." शेवटी पिवळ्यात काडीच्या टोकावर मावेल एवढा तांबडा घातला, शेवंतीपेक्षा गडद आणि झेंडूपेक्षा फिका, तेव्हा ते म्हणाले, "हांऽ."

गाडी पुरी झाली. काळी कुळकुळीत, पिवळा टप, वर कॅरियर. आरशासारखी चमकत होती. माझ्यात मावत नव्हते. एका प्रदर्शनात ठेवायला ती निवडली गेली होती, त्याला आठ दिवस होते. त्या रात्री जेवणे झाल्यावर मी ती आबांच्या हातात दिली.

आबांनी ती उलटी केली. तळ पाहिला, जो कोणीही पाहत नाही. चाके फिरवली. दिव्यावर बोट फिरवले. मग म्हणाले, "लई झकास केलीस. शोरूमातली दिसतीया. खरं ही माझी न्हाई."

मी काहीच बोलले नाही. गाडी उचलली आणि आत गेले. दोन दिवस मी आबांशी बोलले नाही. दीड वर्ष राबून, माणसाची हनुवटी मोजून, चार वेळा पिवळा रंग कालवून केलेली गाडी, आणि म्हणे माझी नाही! तिसऱ्या दिवशी आजीनेच सांगितले, "अगं, त्यांच्या गाडीचं दार चेपलेलं हुतं. तुला कुणी सांगिटलंच नसंल."

मग मी आबांना विचारले आणि त्यांनी सांगितले. २६ जुलै २००५. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्या सोलापुरात सबंध वर्षाचा पाऊस त्याहून कमी असतो. आबा कुर्ल्याला होते. मागच्या सीटवर एक बाई आणि तिची चारेक वर्षांची मुलगी. मिठी नदीचे पाणी रस्त्यावर आले आणि बघता बघता सीटपर्यंत चढले. इंजिन बंद पडले. बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार उघडेना. तेवढ्यात एक हातगाडी वाहत आली आणि डाव्या मागच्या दारावर आदळली. दार आत दबले आणि अडकले. आबा आपल्या बाजूच्या खिडकीतून बाहेर पडले, त्या दोघींना उजव्या खिडकीतून ओढून काढले आणि टपावर बसवले. कॅरियरला धरून तिघे रात्री उशिरापर्यंत बसले होते. शेवटी वस्तीतल्या पोरांनी दोर टाकून त्यांना एका इमारतीच्या जिन्यावर नेले.

"आणि गाडी?" मी विचारले.

"गाडी दोन दिवस पाण्यात. जिथं जल्मली त्याच कुर्ल्यात बुडाली बग."

"मग दार सरळ का नाही केलं?"

मला वाटले होते की आठवण म्हणून ठेवले असे ते म्हणतील. आबा म्हणाले, "पैसं इंजिनाला लागलं. सीटा नव्या कराव्या लागल्या. दार उघडतंय न्हवं, म्हटलं ऱ्हाऊ दे. पासिंगला वरनं रंग मारून न्यायचो. मग सवय झाली. रातच्याला शंभर टॅक्सीत आपली वळकू यायची."

आता प्रदर्शनाला पाच दिवस राहिले होते. बाबा म्हणाले, "आत्ता हात लावू नकोस, प्रदर्शन होऊ दे, मग काय ते कर." त्यांचे बरोबर होते. माझ्याही मनात तेच होते. रात्री गाडी उशाशी घेऊन मी चेपलेल्या दाराचा विचार करत होते आणि पुनःपुन्हा त्या चमकणाऱ्या दारावरून बोट फिरवत होते. सकाळी उठून मी आधी पत्रिकेच्या कागदाच्या दोन तुकड्यांवर तसाच रंग देऊन प्रयोग केला. कोरडा कागद दाबला तर मोडतो. आतून कोमट पाण्याचा बोळा लावून मऊ केला आणि चमच्याच्या पाठीने दाबला तर पत्र्यासारखा चेपतो. मग खरी गाडी घेतली. आबा शेजारी बसून "आनि खाली. आनि मागं. जरा खोल," असे सांगत होते. चमच्याखाली रंग तडकला त्याचा बारीक आवाज आला. माझे डोळे मिटलेले होते, हे खरे सांगते.

एकदा दार चेपले आणि मग बाकीची चमक मलाच खोटी वाटू लागली. नवी गाडी आणि जुने दार, असे कसे असेल? पाणी लावून बारीक घासकागदाने टपाची चकाकी घालवली. कॅरियर घासून घासून जिथे रंग जातो तिथला पिवळा उडवला. मडगार्डाच्या कडेला गेरू कालवून गंज दाखवला. सीटच्या वर, दारांच्या आतल्या बाजूला, चहाच्या पाण्याची एक तपकिरी रेघ ओढली. पुराचे पाणी जिथपर्यंत आले होते तिथे. ती रेघ धुऊन जात नव्हती, आबा म्हणाले. खिडकीतून डोकावल्याशिवाय ती दिसणार नाही.

प्रदर्शनात माझ्या गाडीला क्रमांक मिळाला नाही. तपासणाऱ्यांनी वहीत लिहिले होते की आकार उत्तम, परंतु रंगकामात सफाई नाही, दार खराब झालेले आहे. मी सांगायला तोंड उघडले तोवर ते पुढच्या टेबलाकडे गेले होते. वाईट वाटले. अजून कधीकधी वाटते. पहिला नंबर आलेले वाफेचे इंजिन चांगले होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

घरी आल्यावर गाडी आबांच्या हातात दिली. या वेळी त्यांनी ती उलटी केली नाही. अंगठा दाराच्या खड्ड्यावर ठेवला, तो तिथे नेमका बसला, आणि थोडा वेळ तसाच ठेवला. मग गाडी डोळ्यांजवळ नेली, आत डोकावले, काच पाहिली, टप पाहिला, आणि म्हणाले, "मीटर उजव्या अंगाला बसवलास की गं! मीटर डावीकडं असतो, बाहेर, काचंच्या म्होरं. आन् एवढी मोजमापं कशाला केली मग?"

एकाच फोटोत मीटर आजीच्या पदराआड होता आणि सोलापूरची गाडी टॅक्सी नव्हती, त्यामुळे ही चूक झाली. मीटर काढून काल रात्री डाव्या बाजूला लावला आहे. फेविकॉल अजून पुरता वाळलेला नाही, तरी कृपया शनिवारपर्यंत हात लावू नये. शनिवारी पालकांच्या भेटीला आबा येणार आहेत. ज्यांना गाडीबद्दल काही विचारायचे असेल त्यांनी त्यांनाच विचारावे. फक्त हळू बोलू नये, त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येते.